सातबाऱ्यावर दोन नावं: वाटून खेळणारे रनिंग बॅक घ्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातली 12 संघांची फँटसी फुटबॉल लीग (अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून कागदावर संघ करायचा, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळतात), पूर्ण पीपीआर, म्हणजे प्रत्येक झेलाला 1 गुण. ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडताना, सातवा नंबर. पहिल्या दोन फेऱ्यांत रिसीव्हर (पास झेलणारे) घेतले की तिसऱ्या-चौथ्या फेरीत जे रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) उरतात ते बहुतेक कोणाशी ना कोणाशी बॅकफिल्ड, म्हणजे संघातलं धावण्याचं काम, वाटून घेणारे. जो भेटेल तो सांगतो, 'कमिटीच्या (म्हणजे अशा वाटणीच्या) नादी लागू नकोस.' मग घ्यावेत की नाही? आणि घेतलेच तर दोघांतला कोणता?

घ्या. फक्त कॅरी, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याच्या संधी, कोणाला जास्त मिळतात एवढं बघून घेऊ नका.

मी न्यू जर्सीत वीसेक वर्षं हा खेळ खेळतोय. त्यातली अर्धी वर्षं लीगचा कमिशनर म्हणून लोकांची भांडणं सोडवण्यात गेली. दर ऑगस्टला एकच चूक बघतो, आणि बरीच वर्षं मीही ती केली आहे. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी निघाली की प्रत्येक भाऊ एकर मोजत बसतो. त्यातला एखादाच आधी विचारतो, विहीर कोणाच्या तुकड्यात जातेय? रनिंग बॅकच्या वाटणीत विहिरी दोन आहेत. एक म्हणजे पासचे झेल, दुसरी म्हणजे गोल लाइनच्या (ती ओलांडली की टचडाउन) अलीकडचे पाच यार्ड. बाकीचं सगळं कोरडवाहू.

डेट्रॉइट लायन्सचं 2022 चं उदाहरण मी दर वर्षी नव्या माणसाला देतो. जमाल विल्यम्सच्या 262 कॅरी, 1,066 यार्ड आणि 17 टचडाउन. त्या हंगामात धावून एवढे टचडाउन पूर्ण एनएफएलमध्ये (अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये) दुसऱ्या कोणी केले नाहीत. लायन्सकडून बॅरी सँडर्सचा 16 चा विक्रमही त्यात मोडला. शेजारी डी'आंद्रे स्विफ्ट. त्याच्या कॅरी फक्त 99. हिशोब कॅरींवर करणारा म्हणेल, स्विफ्ट गेला कामातून.

आता कागद घ्या. दहा यार्डांना 1 गुण, टचडाउनला 6, झेलाला 1. फंबलचे (चेंडू हातून निसटल्याचे) वजा गुण सोडून देऊ. विल्यम्सचे धावून आणि 12 झेलांतून मिळून 1,139 यार्ड, म्हणजे 113.9. टचडाउनचे 102. झेलांचे 12. बेरीज 227.9, सामने 17. दर सामन्याला 13.4. स्विफ्टचे धावून 542 आणि झेलांतून 389, मिळून 931 यार्ड, म्हणजे 93.1. आठ टचडाउनचे 48, अट्ठेचाळीस झेलांचे 48. बेरीज 189.1, सामने 14. दर सामन्याला 13.5.

एकाकडे 262 कॅरी, दुसऱ्याकडे 99, आणि दर सामन्याचे गुण जवळपास सारखे. एका भावाला गोल लाइनची विहीर मिळाली, दुसऱ्याला झेलांची.

पण खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. लायन्सनी दोघांनाही जाऊ दिलं. स्विफ्ट फिलाडेल्फियाला गेला आणि तिथे मुख्य बॅक झाला: 229 कॅरी, 1,049 यार्ड, मानाच्या प्रो बोलसाठी निवड. सगळ्यांना हवा असतो तसा 'एकटा मालक'. पीपीआरच्या हिशोबात दर सामन्याला किती? 12.6. कॅरी दुपटीहून जास्त झाल्या आणि गुण घटले! कारण झेल 48 वरून 39 वर आले, झेलांचे यार्ड 389 वरून 214 वर. आणि एक यार्ड उरला की फिलाडेल्फियाचे ईगल्स चेंडू सहसा बॅकला देत नव्हते. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जेलन हर्ट्सला मागून ढकलून रेघेपलीकडे न्यायचे, ज्याला सगळे 'टश पुश' म्हणतात. हर्ट्सचे त्या साली धावून 15 टचडाउन, स्विफ्टचे 5. म्हणजे कागदावर जमीन एकट्याच्या नावावर, आणि पाणी शेजारी उपसतोय. म्हणून बॅकफिल्ड वाटलंय का हे विचारताना क्वार्टरबॅकलाही भागीदार धरायचं. बफेलोचा क्वार्टरबॅक जोश ॲलन याने 2023 मध्ये धावून 15 टचडाउन केले. तशा संघात दुसरा बॅक नसला तरी वाटणी झालेलीच असते.

विल्यम्स गेला न्यू ऑर्लिन्सला. 106 कॅरी, 306 यार्ड, टचडाउन 1. सतरावरून एकावर. माणूस तोच होता. टचडाउन त्याचे नव्हते, लायन्सच्या पुढे उभं राहून अडवणाऱ्या ओळीचे होते, त्या जागेचे होते. रहीम मोस्टर्टचंही असंच झालं. मायामीकडून 2023 मध्ये एकूण 21 टचडाउन, आणि पुढच्या हंगामात 278 यार्ड आणि 2 टचडाउन. मागच्या वर्षीचे टचडाउन बघून या वर्षी दाम मोजू नका. मागच्या वर्षीचे झेल बघून मोजले तर एक वेळ चालेल, कारण झेल ही बरीचशी खेळाडूची स्वतःची कमाई असते आणि ती पुढच्या वर्षी बऱ्यापैकी टिकते.

झेलाची किंमत लोकांना अजून नीट कळत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. साधारण कॅरी सव्वाचार यार्डांच्या आसपास जाते. म्हणजे टचडाउन सोडले तर 0.4 गुणांच्या थोडं वर. बॅककडे फेकलेल्या चार पासांतले तीन तरी झेलले जातात आणि प्रत्येक झेलाला सातेक यार्ड मिळतात. म्हणजे एका टार्गेटला (बॅककडे फेकलेल्या एका पासाला) पूर्ण पीपीआरमध्ये जवळपास 1.3 गुण. एक टार्गेट म्हणजे तीन कॅरी, असा माझा बाजारभाव. हाफ पीपीआरमध्ये (झेलाला अर्धा गुण) तो दोन कॅरींवर येतो. झेलाला गुणच नसतील तर टार्गेट कॅरीपेक्षा थोडंसंच वरचढ. त्यामुळे कोणी मला 'हा घेऊ की तो' विचारलं की मी आधी लीगचे नियम विचारतो. निम्म्या लोकांना आपल्या लीगचे नियम माहीत नसतात, हे कमिशनर या नात्याने सांगतो.

नियम बदलले की उत्तर कसं बदलतं ते न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या 2017 च्या जोडीत स्वच्छ दिसतं. मार्क इंग्रमच्या 230 कॅरी, 1,124 यार्ड, 12 टचडाउन, आणि 58 झेलांचे 416 यार्ड. ॲल्व्हिन कमाराच्या 120 कॅरी, 728 यार्ड, आणि 81 झेलांचे 826 यार्ड. धावून 8 आणि झेलून 5 असे त्याचे 13 टचडाउन, किक परतवून केलेला एक वेगळा. एकूण यार्ड 1,540 आणि 1,554. एकाच संघातल्या दोन बॅकनी एका हंगामात दीड-दीड हजारांचा आकडा ओलांडला, असं एनएफएलमध्ये तोवर घडलं नव्हतं. झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये इंग्रम 226, कमारा 233. फरक नगण्य. पूर्ण पीपीआरमध्ये इंग्रम 284, कमारा 314. आणि कमाराकडे कॅरी इंग्रमच्या जेमतेम निम्म्या!

तेव्हा कमाराचा भाव काय होता तेही लक्षात ठेवा. तो एनएफएल ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतला नवखा. पुढे इंग्रम उभा, त्यात एड्रियन पीटरसनसारखा नाव कमावलेला माणूस संघाने आणून बसवलेला. फँटसी ड्राफ्टमध्ये शेवटी शेवटी कोणी घेतला तर घेतला. ऑक्टोबरमध्ये पीटरसनला ॲरिझोनाला देऊन टाकलं आणि तिघांचं घर दोघांचं झालं. ऑगस्टमध्ये गोंधळलेल्या बॅकफिल्डमध्ये उशिरा जाणारा माणूस घ्यावा, हा माझा नियम तिथून आला. चुकलात तर बाराव्या फेरीतली निवड वाया गेली, एवढंच. तिसऱ्या फेरीतली चूक मात्र डिसेंबरपर्यंत छळते.

वाटणी कशाची होतेय हेही बघायला हवं. विल्यम्स आणि स्विफ्टच्या जागी लायन्सनी शिकागोहून डेव्हिड मॉन्टगोमेरी आणला आणि 2023 च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर जामिर गिब्ज घेतला. तेव्हा किती शिव्या पडल्या! बाराव्या नंबरवर रनिंग बॅक, तोही अर्ध्या वेळेचा? त्या वर्षी मॉन्टगोमेरीचे 1,015 यार्ड आणि 13 टचडाउन, गिब्जचे 945 यार्ड, 52 झेल आणि एकूण 11 टचडाउन. दोघेही दर आठवड्याला खेळवण्याजोगे. 2024 मध्ये तर लायन्सनी हंगामात 564 गुण काढले, लीगमध्ये सर्वांत जास्त. गिब्जचे धावून 1,412 यार्ड आणि एकूण 20 टचडाउन, पीपीआरमध्ये दर सामन्याला साडेएकवीसच्या आसपास. आणि त्याच बॅकफिल्डचा 'धाकटा हिस्सेदार' मॉन्टगोमेरी 14 सामन्यांत 12 टचडाउन करून दर सामन्याला साडेपंधराच्या वर. असा धाकटा हिस्सा मी इतर बऱ्याच संघांच्या थोरल्या हिश्शापेक्षा आनंदाने घेईन. ताट मोठं असलं की दोघांचं पोट भरतं. सामन्याला सोळा-सतरा गुण काढणाऱ्या संघात वाटणी झाली की दोघेही उपाशी राहतात, आणि 'कमिटी टाळा' हा सल्ला खरा तिथलाच आहे. लोकांनी तो सगळीकडे लावला.

त्याच 2024 च्या हंगामात वाटणीची दुसरी बाजूही दिसली. डिसेंबरमध्ये बफेलोविरुद्धच्या सामन्यात मॉन्टगोमेरीचा गुडघा दुखावला आणि साखळीतले उरलेले तीन सामने तो बाहेर बसला. पुढच्या दोन आठवड्यांत गिब्जने शिकागोविरुद्ध 109 आणि सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध 117 यार्ड काढले, दोन्हीकडे टचडाउन. आमच्या लीगांची उपांत्य आणि अंतिम फेरी नेमकी त्याच आठवड्यांत असते. (मिनेसोटाविरुद्ध त्याने चार टचडाउन केले ते अठराव्या आठवड्यात. तोपर्यंत बहुतेक लीगांचे करंडक वाटून झालेले असतात.) वाटून खेळणारा चांगला बॅक म्हणजे रोजचं पीक देणारी जमीन, आणि शेजारच्या तुकड्याचा वारसाहक्कही तुमच्याकडे. नुसता हँडकफ (मुख्य बॅकचा राखीव) म्हणून ठेवलेला माणूस मालक आजारी पडेपर्यंत शून्य देतो. त्या दोघांना एकाच तराजूत तोलू नका.

आता प्रशिक्षक. हा भाग आकड्यांत बसत नाही. अटलांटाने 2023 मध्ये आठव्या क्रमांकावर बिजान रॉबिन्सन घेतला आणि हंगामभर टायलर ऑल्जियरबरोबर वाटून खेळवला. 214 कॅरी एकाला, 186 दुसऱ्याला. फँटसीवाल्यांनी प्रशिक्षक आर्थर स्मिथच्या नावाने बोटं मोडली. प्रशिक्षक बदलला, आणि 2024 मध्ये रॉबिन्सनला 304 कॅरी, 1,456 यार्ड, 14 टचडाउन. गुणी नवखा आणि हट्टी प्रशिक्षक अशी जोडी दिसली की मी पहिल्या वर्षी थांबतो. प्रशिक्षक गेला की दुसऱ्या दिवशी त्या खेळाडूच्या मालकाला फोन करतो.

आणि प्रशिक्षक बेलिचिक यांच्या न्यू इंग्लंडचा किस्सा तर जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. नोव्हेंबर 2014. जोनास ग्रे नावाचा फारसा कोणाला माहीत नसलेला बॅक. इंडियानापोलिसविरुद्ध रविवारी रात्री 37 कॅरी, 201 यार्ड, 4 टचडाउन. मंगळवारी रात्री देशभरातल्या लीगांत वेव्हरवर (कोणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीवर) त्याच्यासाठी झुंबड. शुक्रवारी तो झोपून राहिला, सरावाला उशिरा पोचला, आणि त्याला घरी पाठवलं. रविवारी डेट्रॉइटविरुद्ध एकही स्नॅप (खेळी) नाही. त्याच आठवड्यात पिट्सबर्गने सोडलेला लेगॅरेट ब्लाउंट परत आला आणि त्याने दोन टचडाउन केले. ज्या संघात जागा दर आठवड्याला नव्याने ठरते, तिथल्या एका सामन्याच्या आकड्याला मी वेव्हरच्या बजेटचा पाचवा हिस्साही देत नाही.

मग बघायचं काय? सोमवारी सकाळी लोक बॉक्स स्कोअर उघडतात आणि कॅरी मोजतात. तुम्ही सामना बघा, निदान दोन-तीन ड्राइव्ह (चेंडू ताब्यात असतानाची सलग आक्रमणं) तरी. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चारपैकी तिसरा प्रयत्न), सहा-सात यार्ड हवेत, अशा वेळी क्वार्टरबॅकशेजारी कोण उभा आहे? झेलांची विहीर याच डाउनवर असते. इथे गुणी नवखे बॅक बरेचदा दिसत नाहीत. त्यांना झेलता येत नाही म्हणून नव्हे. धावून येणाऱ्या लाइनबॅकरला (समोरच्या बचावपटूला) ओळखून अडवता येत नाही म्हणून. क्वार्टरबॅकला एकदा पाठीत फटका बसला की प्रशिक्षक महिनाभर त्या पोराला तिसऱ्या डाउनला उभा करत नाही. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये एखादा नवखा अचानक तिसऱ्या डाउनला दिसू लागला की मी त्याच रात्री त्याची चौकशी सुरू करतो. आकड्यांत ते उमटायला आणखी दोन आठवडे लागतात, आणि तोवर भाव चढलेला असतो.

पहिल्या अर्ध्याची शेवटची दोन मिनिटंही अशीच बोलकी असतात. आणि पाच यार्डांच्या आत कोणाला बोलावतात तेही बघा. मात्र चौथ्या क्वार्टरमध्ये संघ 24 गुणांनी पुढे असताना दुसऱ्या बॅकने केलेल्या बारा कॅरी खुशाल विसरून जा. ते वेळकाढूपणाचं काम असतं, पुढच्या आठवड्यात मिळेलच असं नाही.

एक चूक माझ्याकडून ऐका. एका वर्षी मी डोकं लढवून एकाच संघाचे दोन्ही बॅक घेतले, चौथ्या आणि सहाव्या फेरीत. कोणीही धावो, गुण माझेच, असा विचार. झालं असं की दर रविवारी दुपारी एक वाजायच्या आधी कोणाला बसवायचं यावर मी घरात येरझाऱ्या घालायचो आणि बहुतेक वेळा चुकीच्याला बसवायचो. दोघांना खेळवलं की संघाच्या एका वाईट दिवशी दोन जागा एकदम कोरड्या. बाय वीकलाही (संघाच्या सुट्टीच्या आठवड्यात) दोघे एकदम गायब. बायको शेवटी म्हणाली, 'दोन्ही भावांचा संसार तुम्हीच कशाला चालवताय?' त्यानंतर एका बॅकफिल्डमधून मी एकच घेतो.

दर आठवड्याचा निर्णय मी असा करतो. संघ त्या सामन्यात मोठा फेव्हरिट असेल तर गोल लाइनवाला, हरण्याची शक्यता असेल तर झेलवाला. मागे पडलेला संघ पास फेकतो, त्यामुळे झेलवाल्याच्या वाट्याला टार्गेटं येतात आणि दांडगा बॅक टॉवेल गळ्यात टाकून बसतो. आणि गोल लाइनवाल्याने एखाद्या रविवारी तीन टचडाउन केले की मंगळवारच्या आत त्याला विकायला काढा. त्याच्या बदल्यात शेजारचा झेलवाला मागितला तर समोरचा बरेचदा वर आणखी काहीतरी द्यायला तयार होतो.

तुमच्या ड्राफ्टबद्दल. सातव्या नंबरवरून पहिल्या दोन फेऱ्यांत दोन्ही रिसीव्हर घ्यायला माझी हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत भरपूर गुण काढणाऱ्या संघाचा झेलवाला बॅक घ्या, कॅरी दुसऱ्याला जास्त मिळत असल्या तरी. दुसऱ्या बॅकच्या आणि फ्लेक्सच्या (बॅक किंवा रिसीव्हर कोणीही चालतो त्या) जागेला असे लोक पुरतात. गोल लाइनवाला हवाच असेल तर सातव्या-आठव्या फेरीत घ्या, त्याआधी नाही, आणि फार न धावणारा क्वार्टरबॅक असलेल्या संघाचा बघा. बाराव्या फेरीनंतरच्या दोन निवडी गोंधळलेल्या बॅकफिल्डमधल्या नवख्यांसाठी ठेवा. तुमचा ड्राफ्ट लेबर डेच्या शनिवार-रविवारी असेल तर त्याआधी प्री-सीझनच्या सामन्यांत मुख्य क्वार्टरबॅक जी एक-दोन ड्राइव्ह खेळतो तेवढीच बघा, तिसऱ्या डाउनला थांबवून. शेजारी उभ्या असलेल्याचा जर्सी नंबर लिहून ठेवा.